कादंबरीचा दुसरा खर्डा : पुनर्लेखन आणि प्रकाशकाशी व्यवहार

कादंबरीचा पहिला खर्डा पुरा होणे आणि कादंबरी पुरी होणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि मराठीत नव्याने लिहू लागलेल्या कितीतरी लेखकांच्या वाट्याला येणारी निराशा या दोहोंमधले अंतर न ओळखल्यामुळे निर्माण होते. पहिला खर्डा लेखक एकट्याने लिहितो. त्या टप्प्यावर आपल्याला नेमके काय सांगायचे आहे हे त्यालाही लिहिता लिहिताच उलगडत असते, त्यामुळे त्या खर्ड्यात शोधाच्या खुणा, चाचपडणे, एकच गोष्ट तीनदा सांगणे हे सारे असणारच. दुसरा खर्डा मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी वाचनातून जन्माला येतो, आणि ते वाचन लेखकाने स्वतः होऊन मागावे लागते. या व्याख्यानाचे प्रतिपादन असे, की पुनर्लेखन हे एकांतात करायचे भाषेचे रंगकाम नसून परक्या डोळ्यांनी केलेली तपासणी आहे, आणि प्रकाशकाला लिहायचे पत्र हा त्याच तपासणीचा पुढचा भाग आहे. अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा हा पुण्या-मुंबईच्या प्रकाशनव्यवहारापासून दूर असल्याची खंत येथील लेखक व्यक्त करतात. पण लिहिलेले तपासून घेण्याची या भूमीतील परंपरा त्या व्यवहाराहून कित्येक शतकांनी जुनी आहे.

प्रथम काही संज्ञा वेगळ्या करून घेणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात त्यांची सरमिसळ होते. पुनर्लेखन म्हणजे लेखकाने स्वतः केलेला रचनेतला बदल : निवेदक कोण, घटनांचा क्रम काय, कोणते पात्र ठेवायचे आणि कोणते गाळायचे. संपादन म्हणजे संपादकाने लेखकाच्या संमतीने सुचवलेले बदल, ज्यांत प्रकरणाच्या मांडणीपासून एखाद्या परिच्छेदाच्या लयीपर्यंत सगळे येते. मुद्रितशोधन म्हणजे छपाईपूर्वी मजकुरातील लेखननियमांच्या आणि जुळणीच्या चुका काढणे. आपली कादंबरी ‘तपासून घेतली’ असे सांगणारा नवोदित लेखक पुष्कळदा फक्त तिसरी गोष्ट करून घेतलेला असतो; ऱ्हस्वदीर्घ नीट झाले म्हणजे कादंबरी नीट झाली, असा त्याचा समज असतो आणि तो समज त्याला महागात पडतो.

गोदाकाठच्या सराळे गावच्या म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्राची सिद्धता केली, ती पद्धत या संदर्भात लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. लीळाचरित्र हा महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ग्रंथ, त्यामुळे कल्पित कथनाशी त्याची तुलना मर्यादेतच करता येते. परंतु म्हाइंभटाने जे केले ते कोणत्याही गद्यलेखकाला अनुसरता येण्यासारखे आहे. ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांच्याकडे तो स्वतः गेला, त्यांच्याकडून प्रसंग ऐकले, आणि जमवलेले स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्यापुढे ठेवून पारखून घेतले. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तेव्हा त्यांतली सोयीची निवडून दुसरी दडपण्याऐवजी तो फरक नोंदवण्याची दक्षता महानुभाव परंपरेने घेतली. मूळ पोथी परचक्राच्या काळात हरवली आणि ती आठवणीतून पुन्हा उभी करावी लागली, असे ही परंपरा सांगते. त्यातूनच तिचे निरनिराळे पाठ निर्माण झाले. मराठी गद्याच्या अगदी प्रारंभीच लेखक, साक्षीदार आणि पारखी अशा तीन भूमिका वेगळ्या ओळखल्या गेल्या होत्या, ही गोष्ट मराठी कादंबरीकाराने आपला वारसा म्हणून मिरवावी इतकी मोलाची आहे.

याच जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी तिच्या हस्तलिखितांत शिरलेली भर आणि अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली. एकनाथांचे हे काम पाठशुद्धीचे होते, पुनर्लेखनाचे नव्हते. दुसऱ्याच्या ग्रंथात हात घालताना आपली प्रतिभा बाजूला ठेवावी लागते, हा संपादनाचा पहिला नियम त्यांच्यासारख्या प्रतिभावंत कवीने पाळला, यात त्या कामाचे थोरपण आहे.

आधुनिक काळातील उदाहरण नगरच्या किल्ल्यातले आहे. ९ ऑगस्ट १९४२ ते २८ मार्च १९४५ या काळात जवाहरलाल नेहरू त्या किल्ल्यात बंदिवान होते आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तेथे ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. बरोबरच्या काही बंदिवानांनी हस्तलिखित वाचून सूचना केल्या आणि तुरुंगातच त्यावर पुन्हा हात फिरवताना त्या सूचनांचा उपयोग करून भर घातली, असे नेहरूंनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्या सहवाशांत मौलाना अबुल कलाम आझाद आणि आचार्य नरेंद्र देव यांच्यासारखे विद्वान होते, हे लक्षात घेतले म्हणजे पहिला वाचक कसा असावा याचा अंदाज येतो. पहिला वाचक लेखकाचा चाहता असून भागत नाही आणि शत्रू असूनही भागत नाही. त्याला विषयातले काही तरी लेखकाहून अधिक कळत असावे आणि ते बोलून दाखवण्याइतकी मोकळीक त्या दोघांच्या नात्यात असावी. घरातल्या माणसांची स्तुती आणि साहित्यमंडळातील मित्रांचा गौरव या दोन्हींचे स्वतःचे स्थान आहे, पण हस्तलिखिताच्या तपासणीसाठी त्यांचा उपयोग जवळजवळ नाही.

अशा वाचकाला विचारायचे प्रश्नही ठरलेले असावेत. ‘कशी वाटली’ या प्रश्नाला सभ्य माणूस ‘चांगली’ एवढेच उत्तर देतो. त्याऐवजी वाचन कोठे थांबले, कोणते पात्र दुसऱ्याशी मिसळून गेले, कोणती गोष्ट आधीच कळून चुकली होती आणि कोणती शेवटपर्यंत कळली नाही, असे विचारले तर उत्तरात लेखकाच्या कामाचे काही तरी हाती लागते. वाचक दुखणे अचूक दाखवतो, परंतु तो सुचवतो ते औषध पुष्कळदा चुकीचे असते. एखादे प्रकरण कंटाळवाणे झाले असे तो म्हणतो तेव्हा दोष त्या प्रकरणात नसून दोन प्रकरणे आधी द्यायची राहून गेलेली एखादी माहिती हे त्याचे कारण असू शकते. दुखण्याची जागा वाचकाकडून घ्यावी, उपचार स्वतः शोधावा.

पुनर्लेखनात सर्वांत मोठा निर्णय निवेदकाचा असतो. निवेदक म्हणजे कथा सांगणारा आवाज, आणि हा आवाज लेखकापासून वेगळा असतो. त्याला काय ठाऊक आहे आणि काय ठाऊक असणे शक्य नाही यावर साऱ्या कादंबरीची विश्वसनीयता अवलंबून राहते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील निवेदक हा माणदेशातील धनगरांच्या वाडीत बाहेरून आलेला तरुण शिक्षक आहे, आणि वाडी वाचकाला उलगडते ती त्याला उलगडेल तेवढीच व त्याच क्रमाने. अकोले तालुक्यातील धामणगावच्या दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने प्रसिद्ध केले. ते आत्मकथन आहे, तरी निवेदनाच्या दृष्टीने कादंबरीकाराला त्याच्याइतके शिकवणारे पुस्तक क्वचितच सापडेल. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसाच्या दोन रूपांपैकी एक बोलते आणि दुसरे ऐकते. गावाने दिलेले नाव आणि शिक्षणाने, लेखनाने मिळालेले नाव यांमधली फट त्या रचनेमुळे पहिल्या पानापासून वाचकासमोर उघडी राहते. सरळ प्रथमपुरुषी निवेदनात ती प्रत्येक वेळी समजावून सांगावी लागली असती. पहिला खर्डा हाती आल्यावर लेखकाने निदान एक प्रकरण दुसऱ्या निवेदकाच्या तोंडून लिहून पाहावे, कारण आपण निवडलेला आवाज हा निर्णय होता की सवय होती, हे त्याशिवाय कळत नाही.

यानंतरची तपासणी कालसंगतीची, म्हणजे घटनांचा परस्परांशी, ऋतूंशी आणि इतिहासाशी मेळ बसतो की नाही याची. या जिल्ह्यावर लिहिणाऱ्या कादंबरीकाराला येथे विशेष सावध राहावे लागते, कारण येथील जीवनाचे वेळापत्रक पाऊस, कालवा आणि कारखाना यांनी बांधलेले आहे. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे निघाली, त्या कामांवर सुकडी हा पूरक आहार वाटला गेला, आणि रोजगार हमीचा कायदा त्यानंतर, १९७७ मध्ये झाला. पाथर्डी-शेवगावकडचे ऊसतोड कुटुंब गाळप हंगामात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, गावात नसते; मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, परमुलखात गेलेला असतो. अशा घरातील लग्नाची बोलणी लेखकाने पौष महिन्यात गावच्या ओट्यावर घडवून आणली, तर ज्याच्या घरातून माणसे तोडीला जातात तो वाचक त्या पानावर पुस्तक मिटतो आणि पुढच्या कोणत्याही पानावर विश्वास ठेवत नाही. उपाय कष्टाचा पण साधा आहे : प्रत्येक प्रकरणासाठी एका वहीत काळ, स्थळ, हजर असलेली पात्रे आणि त्या प्रकरणाच्या शेवटी बदललेली गोष्ट एवढे टिपून काढावे. ज्या प्रकरणापुढे चौथा रकाना कोरा राहतो, ते प्रकरण कितीही सुंदर लिहिलेले असले तरी बहुधा गाळावे लागते.

लांबीविषयी नवोदितांच्या मनात फार गोंधळ असतो. मोठा विषय म्हणजे मोठी कादंबरी असे ते धरून चालतात. ‘बनगरवाडी’ एका बैठकीत वाचून होण्याइतकी लहान आहे आणि तिच्यात एका वाडीचे बसणे-उठणे, तिचा दुष्काळ आणि तिचे उठून जाणे मावले आहे. उलट संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलेल्या रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही २०१९ साली श्रीरामपूरच्या शब्दालय प्रकाशनाने काढलेली कादंबरी अतिशय विस्तृत आहे, कारण एका कुळाच्या निरनिराळ्या पूर्वजांमधून अनेक शतकांचा काळ उभा करणे ही तिच्या रचनेची गरज आहे. या दोन्ही टोकांची लांबी रचनेने ठरवली आहे. नवोदिताचा पाचशे पानी खर्डा बहुतेक वेळा माहिती गोळा केल्यामुळे वाढलेला असतो, आणि गोळा केलेले सगळे वापरण्याचा मोह आवरणे हे पुनर्लेखनातील सर्वांत दुखणारे काम आहे. जाता जाता हेही नोंदवण्यासारखे आहे, की इतका मोठा ग्रंथ श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावाहून निघू शकला. प्रकाशन पुण्या-मुंबईतच होते, ही समजूत त्यामुळे तरी सोडून द्यावी.

भाषेवरचा हात सर्वांत शेवटी फिरवावा, आणि तो फिरवताना आवाज पुसला जाणार नाही याची काळजी घ्यावी. लक्ष्मीबाई टिळकांचे अनेक वर्षांचे वास्तव्य नगरमध्ये होते. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आजही ताजी वाटतात, कारण त्यांच्या बोलण्यातील लकब छापील पानावर तशीच राहिली. ते गद्य एखाद्या अतिउत्साही पंडिताने प्रमाण भाषेच्या साच्यात बसवले असते, तर मराठीने आपले एक श्रेष्ठ पुस्तक गमावले असते. अकोल्याच्या डोंगरी भागातली बोली आणि मराठवाड्याला लागून असलेल्या शेवगाव-पाथर्डीची बोली एक नाही. पात्र ज्या गावचे असेल त्या गावचे त्याने बोलावे, आणि पहिल्या प्रकरणात एका पद्धतीने लिहिलेला बोलीतला शब्द विसाव्या प्रकरणातही तसाच लिहिलेला असावा. निवेदन प्रमाण भाषेत असेल तर मात्र १९६२ मध्ये मान्य झालेले आणि १९७२ मध्ये भर पडून अठरा झालेले लेखननियम पाळणे हे लेखकाचे कर्तव्य आहे. ते काम प्रकाशकावर टाकणे हा त्याच्या वेळेचा अनादर होय.

या सर्व विवेचनावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. भालचंद्र नेमाडे यांनी ‘कोसला’ अगदी थोड्या दिवसांत लिहिली आणि पुण्याच्या रा. ज. देशमुखांनी ती १९६३ मध्ये लगेच प्रसिद्ध केली, तेव्हा पुनर्लेखनाचा एवढा बडेजाव कशासाठी, असे विचारले जाते. परंतु त्या थोड्या दिवसांमागे कित्येक वर्षांचे जगणे आणि चौफेर वाचन होते, आणि नवख्या लेखकाच्या अपरिचित वळणाच्या हस्तलिखितावर विश्वास टाकणारा प्रकाशकही त्यामागे होता. त्याच लेखकाची पुढची कादंबरी ‘बिढार’ १९७५ मध्ये आली, बारा वर्षांनी. अपवादाला नियम मानून स्वतःचा पहिला खर्डा पाठवून देणे हा आत्मविश्वास नव्हे.

मराठीत संपादक ही संस्था ज्यांनी उभी केली त्यांत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ही नावे अग्रभागी आहेत. ‘मौज’ आणि ‘सत्यकथा’ यांच्या द्वारे त्यांनी लेखकांशी जो पत्रव्यवहार ठेवला, त्यात नकारही सविस्तर असे. कथेतील कोणता प्रसंग पेलला गेला नाही, शेवट का लादलेला वाटतो, याची चर्चा त्या पत्रांत असे आणि लेखक ती कथा पुन्हा लिहून पाठवीत. पटवर्धन हे स्वतः ‘पाडस’सारख्या अनुवादाचे कर्ते असल्यामुळे वाक्याच्या लयीची त्यांची जाण लेखकाची होती. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडली आणि अशा सविस्तर पत्रांची सवय मराठी लेखकाला हळूहळू राहिली नाही. त्या मासिकाच्या अभिरुचीवर ते चालू असतानाच तीव्र टीका झाली आणि तिच्यात तथ्यही होते, कारण ग्रामीण आणि दलित अनुभवाला तेथे पुरेशी जागा मिळाली नाही अशी ती तक्रार होती; तरीही लेखकाचे हस्तलिखित गंभीरपणे वाचून त्याला उत्तर देणे हा त्या परंपरेचा गुण आज हवाच आहे. आजचे बरेचसे प्रकाशक मोजक्या माणसांच्या बळावर काम करतात, त्यामुळे संपादकाने पूर्वी केले असते असे पुष्कळ काम लेखकाने आधीच करून द्यावे लागते.

इंग्रजी प्रकाशनविश्वात लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये साहित्यिक मध्यस्थ असतो. मराठीत ही व्यवस्था रुजलेली नाही. लेखकाचे पत्र थेट प्रकाशकाच्या किंवा संपादकाच्या हाती पडते, म्हणून त्या पत्राची जबाबदारी अधिक आहे. पत्र एका पानाहून मोठे नसावे. कादंबरीचे नाव, तिचा विषय तीन-चार वाक्यांत, अंदाजे शब्दसंख्या, हस्तलिखित पूर्ण झाले असल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि लेखकाने आजवर काय लिहिले, कोठे छापून आले, एवढे पुरते. याच प्रकाशकाकडे ही कादंबरी का पाठवली, याचे एक खरे वाक्य असावे. ते लिहिण्यासाठी त्या प्रकाशकाची चार पुस्तके वाचलेली असावी लागतात, आणि ती वाचली म्हणजे पुष्कळदा आपला पत्ता चुकला होता हे लेखकाला आधीच कळते. सोबत दोन पानांचा सारांश जोडावा. सारांश म्हणजे पुस्तकाच्या मलपृष्ठावरील उत्सुकता वाढवणारा मजकूर नव्हे. त्यात शेवट सांगितलेला असला पाहिजे, कारण कादंबरी शेवटापर्यंत कशी पोहोचते हेच संपादकाला पाहायचे असते. नमुना म्हणून पहिली दोन-तीन प्रकरणे द्यावीत, मधली आवडती प्रकरणे नव्हेत. मजकूर युनिकोडमध्ये जुळवलेला असावा, कारण जुन्या फॉन्टमधील धारिका दुसऱ्या संगणकावर उघडताना जोडाक्षरे मोडतात. पानांवर क्रमांक असावेत आणि प्रत्येक पानावर कादंबरीचे नाव असावे. मान्यवरांची शिफारसपत्रे, सत्काराची छायाचित्रे आणि ‘ही कादंबरी समाजाला दिशा देईल’ अशी ग्वाही यांचा संपादकाच्या निर्णयावर अनुकूल परिणाम होत नाही.

उत्तराला काही महिने लागतात, आणि त्या काळात दर आठवड्याला दूरध्वनी करण्याने वाचन लवकर होत नाही. एकाच वेळी दोन प्रकाशकांकडे हस्तलिखित दिले असेल तर दोघांनाही तसे सांगणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे. ‘साभार परत’ हे दोन शब्द मराठी लेखकांच्या अनेक पिढ्यांनी वाचले आहेत. त्यांचा अर्थ त्या प्रकाशकाला ते हस्तलिखित त्या वेळी नको आहे, इतकाच घ्यावा. तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच दोषाकडे बोट दाखवणारे नकार आले, तर मात्र हस्तलिखित पुन्हा वहीपाशी न्यावे. वाट पाहण्याच्या काळात एखादे स्वयंपूर्ण प्रकरण दिवाळी अंकाकडे पाठवणे उपयुक्त ठरते, कारण दिवाळी अंकाचे वाचन प्रकाशकही करतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठी आहे, आणि तिच्याकडे जिल्ह्यातील लेखकांनी अधिक गांभीर्याने पाहावे.

पैशाविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. लेखकाकडून छपाईचा खर्च घेऊन पुस्तक काढून देणे हा मराठीत मोठा व्यवहार झाला आहे. असे पुस्तक काढणे हा गुन्हा नाही, परंतु ज्याने पैसे घेतले त्याने हस्तलिखित निवडले असे मानू नये. निवड आणि विक्री या दोन क्रिया त्या व्यवहारात एकमेकींपासून सुटलेल्या असतात, आणि उरलेल्या प्रती बहुधा लेखकाच्या घरी येऊन पडतात. कष्टकरी घरातल्या लेखकाने कर्ज काढून आपली कादंबरी छापावी, यासारखी दुःखाची गोष्ट या क्षेत्रात दुसरी नाही. जो प्रकाशक स्वखर्चाने पुस्तक काढतो त्याच्याशीही करार लेखीच असावा. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारत असे धरले जाते. आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर मिळालेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही म्हणजे ते हस्तांतर संपते. अनुवाद, चित्रपट आणि श्राव्य पुस्तक यांचे हक्क कोणाकडे राहणार हे वेगवेगळे लिहून घ्यावे. ‘सर्व हक्क’ या एका शब्दजोडीखाली ते देऊन टाकू नयेत.

करार झाल्यानंतर येणारी मुद्रिते लेखकाने स्वतः, अक्षर न् अक्षर, वाचावीत. मुद्रितशोधक आपले काम नियमांनुसार करतो आणि ‘व्हता’चा ‘होता’ करणे त्याच्या दृष्टीने चूक दुरुस्त करणेच असते. म्हणून हस्तलिखितासोबत बोलीतील शब्दांची आणि त्यांच्या ठरवलेल्या लेखनाची यादी आधीच द्यावी, पहिल्या मुद्रितातील खुणा दुसऱ्या मुद्रिताशी ताडून पाहाव्यात, आणि या टप्प्यावर नवी वाक्ये घालण्याचा मोह टाळावा, कारण एका ओळीच्या भरीने पुढची कित्येक पाने सरकतात व सरकलेल्या पानांत नव्या चुका शिरतात.